न लिहिलेल्या इच्छेचे वाचन : अरुणा शानबाग प्रकरण आणि अर्थनिर्णयाची नीती

१

असाध्य अवस्थेत पडून असलेल्या रुग्णाचे जगणे उपचारांच्या बळावर लांबवत राहावे की थांबावे, या प्रश्नाची मराठीतील चर्चा 'इच्छामरण' आणि 'दयामरण' या दोन शब्दांच्या आधाराने होत आली आहे. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. त्यानंतरच्या काळात वृत्तपत्रे, व्याख्यानमाला आणि परिसंवाद यांतून हे दोन्ही शब्द वारंवार आले, आणि बहुधा ते परस्परांचे पर्याय असल्यासारखेच आले. परंतु त्यांचा विग्रह करून पाहिला, तर ते पर्याय नाहीत हे सहज लक्षात येते. इच्छामरण म्हणजे इच्छेनुसार येणारे मरण. येथे इच्छा मरणाऱ्याची असते आणि तोच या क्रियेचा कर्ता असतो. दयामरण म्हणजे दयेपोटी दिलेले मरण. येथे दया दुसऱ्याची असते आणि मरणारा हा त्या दयेचा विषय, म्हणजे कर्म असतो. पहिल्या शब्दात स्वातंत्र्याची कल्पना गृहीत आहे, दुसऱ्यात करुणेची. वादविवादात एका शब्दाचे समर्थन करून दुसऱ्या शब्दाची अनुमती मिळवली जाते, आणि कर्ता बदलला आहे याची नोंद कोणी घेत नाही.

या दोन्ही शब्दांची खरी कसोटी एका तिसऱ्या परिस्थितीत लागते. रुग्णाने आपली इच्छा कोठेही लिहून ठेवलेली नाही, आता तो बोलू शकत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्यांचे एकमत नाही. अशा वेळी 'इच्छामरण' म्हणावे तर इच्छा कोणाची, हे सांगता येत नाही. 'दयामरण' म्हणावे, तर दया करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात हा पेच सर्वांत तीव्र स्वरूपात उभा राहिला तो अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात.

प्रस्तुत लेखाचा हेतू कायद्याचे भाष्य करण्याचा नाही आणि वैद्यकीय सल्ला देण्याचा तर नाहीच. एका मूक व्यक्तीच्या इच्छेचा अर्थ अनेकांनी कसा लावला, त्या अर्थनिर्णयामागे कोणती गृहीतके होती आणि त्यांतून वाचनाच्या नीतीविषयी काय शिकता येते, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात शिरण्याचे कारण उघड आहे : 'लेखक उपलब्ध नसताना अर्थ कोणी ठरवायचा' हा प्रश्न आपण निदान पाऊण शतक हाताळत आलो आहोत. येथे मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर एका जिवंत माणसाचे अन्न अवलंबून होते.

२

प्रकरणाचा तपशील संक्षेपाने असा. कर्नाटकातील हळदीपूर येथे १९४८ मध्ये जन्मलेल्या अरुणा शानबाग मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा खंडित झाल्याने त्यांना जी इजा झाली तीतून त्या कधीच बाहेर आल्या नाहीत. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी; लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात नव्हताच. पुढील जवळजवळ ४२ वर्षे अरुणा शानबाग के. ई. एम. मध्येच राहिल्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले. त्यांना तेथून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून ते हाणून पाडले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. या प्रकरणातील पहिले मौन मेंदूच्या इजेतून आलेले नाही. ते कागदपत्रांतून आलेले आहे. अविवाहित, वाङ्निश्चय झालेल्या तरुणीची बदनामी होऊ नये या विचाराने लैंगिक अत्याचाराची वाच्यता टाळली गेली, असे या प्रकरणाविषयीच्या लेखनातून पुढे आले आहे. म्हणजे 'तिच्या भल्यासाठी' इतरांनी निर्णय घेणे, आणि त्या निर्णयाची भाषा तिच्या हिताची असणे, या गोष्टीची सुरुवात २०११ च्या न्यायालयात झालेली नाही. ती १९७३ मध्येच झाली होती.

त्यानंतर या मौनाभोवती संहितांची एक मालिकाच उभी राहिली. हरकिसन मेहता यांची 'जड चेतन' ही गुजराती कादंबरी १९८५ ची. दत्तकुमार देसाई यांचे 'कथा अरुणाची' हे मराठी नाटक १९९४-९५ च्या सुमाराचे. ते आधी महाविद्यालयीन रंगमंचावर झाले आणि २००२ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पिंकी विराणी यांचे 'अरुणाज स्टोरी' हे इंग्रजी पुस्तक १९९८ चे. शीर्षकांकडे पाहिले तरी काही सूचक गोष्टी हाती लागतात. गुजराती शीर्षक या अवस्थेला तत्त्वज्ञानातील जुन्या द्वंद्वात बसवते. मराठी आणि इंग्रजी शीर्षकांत षष्ठी विभक्ती आहे : कथा अरुणाची, अरुणाची गोष्ट. ही षष्ठी द्व्यर्थी आहे. तिचा अर्थ 'अरुणेविषयीची' असाही होतो आणि 'अरुणेच्या मालकीची, तिने सांगितलेली' असाही होऊ शकतो. पहिला अर्थ वस्तुस्थितीला धरून आहे. दुसरा अशक्य आहे. आणि तरीही या प्रकारच्या लेखनाचे नैतिक बळ त्या दुसऱ्या अर्थाच्या आभासावरच उभे असते. दोन्ही शीर्षकांत केवळ पहिले नाव आहे, आडनाव नाही. सहानुभूतीने जवळ येणाऱ्या माणसाला आपण नावाने हाक मारतो. मात्र ती हाक त्या व्यक्तीने स्वीकारली की नाही, हे येथे विचारता येत नाही.

पिंकी विराणी यांचे वेगळेपण असे की त्यांच्या बाबतीत चरित्रकार हीच पुढे याचिकाकर्ती झाली. त्यांनी अरुणा शानबाग यांच्या 'नेक्स्ट फ्रेंड', म्हणजे असमर्थ व्यक्तीच्या वतीने दाद मागणाऱ्या निकटच्या व्यक्ती, या नात्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती डिसेंबर २००९ मध्ये दाखल करून घेण्यात आली. अरुणा शानबाग यांना भरवणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी मागणी होती. संहितेच्या लेखिकेने त्या संहितेतील व्यक्तीसाठी न्यायालयात उभे राहावे, अशी उदाहरणे फार नाहीत. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि न्यायालयानेही ती घेतली नाही. पण चरित्रलेखनात निवेदकाला मिळणारी मुभा, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरून बोलण्याची मुभा, न्यायालयात तशीच वापरता येते काय, हा प्रश्न या याचिकेने उपस्थित केला.

३

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल ही या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची संहिता आहे, आणि ती संहिता म्हणूनच वाचली पाहिजे. या निकालाची सुरुवात मिर्झा गालिब यांच्या एका शेराने होते. मृत्यूच्या आकांक्षेतच मरत असलेला आणि तरीही मृत्यू हाती न लागलेला असा त्या शेराचा निवेदक आहे. न्यायमूर्तींच्या उर्दू काव्यप्रेमाची खूण म्हणून हा शेर सोडून देता येईल, पण समीक्षकाने तसे करू नये. गझलेतील शेराला निवेदक असतो, आणि येथे मृत्यूची आस बाळगणारा तो निवेदक स्वतः बोलतो आहे. निकालाच्या शिरोभागी हा शेर येताच, ज्या स्त्रीने मृत्यूविषयी एक शब्दही उच्चारलेला नाही तिला मृत्यूची आकांक्षा असलेला निवेदक मिळतो. पुढे निकाल याचिका फेटाळतो. म्हणजे कवितेच्या द्वारे जी इच्छा तिच्या मुखी घातली गेली, ती कायद्याच्या द्वारे नाकारली गेली. दोन्ही वेळा ती इच्छा तिची नव्हती.

निकालाच्या पूर्वभागात दोन निवेदने समोरासमोर येतात. याचिकेतील वर्णन क्षीण, जवळजवळ निष्प्राण देहाचे आहे. रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रातील वर्णन अन्न स्वीकारणाऱ्या, चेहऱ्याने प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीचे आहे. या विसंगतीमुळेच न्यायालयाने तीन डॉक्टरांचे पथक नेमले. पथकाच्या अहवालाचा निष्कर्ष असा की दीर्घकालीन जड अवस्थेचे बहुतेक निकष येथे पूर्ण होतात, परंतु मेंदू मृत झालेला नाही. श्वासासाठी यंत्राची गरज नाही. त्या आवाज करून आणि हात हलवून आवडनिवड व्यक्त करतात. आवडता पदार्थ, मासे किंवा कोंबडीचे सूप, दिल्यास हसतात. 'हसतात' हे क्रियापद वर्णनपर आहे की अर्थनिर्णयपर? स्नायूंच्या हालचालीला हास्य म्हणणे हेच एक वाचन आहे. परिचारिकांनी अनेक वर्षे ते वाचन केले होते, आणि विशेषज्ञांच्या अहवालातही त्यांच्याच वाचनाचा अंश उतरला. येथे वस्तुनिष्ठ निरीक्षण आणि सहवासातून आलेले वाचन यांच्यामधील सीमारेषा पुसट होते. तशी ती होणे हा अहवालाचा दोष मानण्याचे कारण नाही. मूक देहाच्या बाबतीत ते अटळ आहे. प्रश्न एवढाच की ही पुसट रेषा निकालात उघड राहते की झाकली जाते.

लेखी इच्छा नसलेल्या रुग्णाविषयी पाश्चात्त्य न्यायालयांनी दोन मार्ग विकसित केले होते. कॅरन अ‍ॅन क्विन्लन प्रकरणात (१९७६) न्यू जर्सीच्या न्यायालयाने, रुग्ण शुद्धीवर असती तर तिने काय ठरवले असते याचा अंदाज पालकाने करावा, अशी भूमिका घेतली. टोनी ब्लँड प्रकरणात (१९९३) इंग्लंडच्या उमराव सभेने रुग्णाच्या 'सर्वोत्तम हिता'चा निकष लावला. साहित्यसिद्धान्ताच्या परिचितांना हे दोन मार्ग अनोळखी वाटू नयेत. पहिला हर्शच्या भूमिकेला जवळचा आहे : अर्थाची प्रमाणता लेखकाच्या हेतूत असते आणि वाचकाने तो हेतू पुनःस्थापित करावा. दुसरा गादामरच्या जवळ जातो : आकलन म्हणजेच उपयोजन, आणि अर्थ आजच्या परिस्थितीत, आजच्या वाचकाच्या जबाबदारीवर घडतो. गादामरने विधिशास्त्रातील अर्थनिर्णय हा सर्व अर्थनिर्णयाचा नमुना मानला, हे येथे आठवावे. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतुवादावर घेतलेला आक्षेपही आठवावा : लेखकाचा हेतू हा निकष म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो. अरुणा शानबाग यांच्या बाबतीत पहिला मार्ग बंदच होता. १९७३ मध्ये त्या २५ वर्षांच्या होत्या. अशा अवस्थेविषयीचे त्यांचे एखादे मत न्यायालयासमोर नव्हते. जी संहिता लिहिलीच गेली नाही तिच्यातील हेतू शोधता येत नाही.

म्हणून निकालाचा खरा भर 'काय वाचावे' यावर न राहता 'कोणी वाचावे' यावर आला. न्यायालयाने पिंकी विराणी यांच्या सामाजिक जाणिवेचा गौरव केला; पण अरुणा शानबाग यांची निकटची व्यक्ती होण्याचा मान के. ई. एम. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी रात्रंदिवस सेवा केली तेच खरे कुटुंब, असा त्यामागचा विचार होता. त्याच वेळी, उपचार थांबवण्यास निष्क्रिय दयामरण म्हणून तत्त्वतः मान्यता देऊन, प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली. नातेवाइकांकडून मालमत्तेसाठी गैरवापर होण्याची भीती त्यामागे स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. वाचनशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर निकालाने अर्थनिर्णयाचा अधिकार लेखनातून न काढता सहवासातून काढला. मराठी माणसाला हे पटते, कारण 'भरवणे' या क्रियापदात उपचाराची छटा नाही. त्यात मायलेकरांचे नाते आहे. याउलट 'अन्नपाणी तोडणे' या प्रयोगात शिक्षेची छटा आहे. इंग्रजी याचिकेतील 'फीडिंग' हा शब्द या दोहोंच्या मध्ये कोठेतरी तटस्थ उभा राहू शकतो. मराठीत तशी तटस्थ जागाच नाही, आणि के. ई. एम. मधील परिचारिकांचा विरोध समजून घेण्यासाठी ही भाषिक वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

परंतु सहवासाने मिळालेला अधिकार हाही अधिकारच असतो, आणि त्यालाही प्रश्न विचारावे लागतात. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सतीविषयक वादाचे जे विश्लेषण केले, ते येथे उपयोगी पडते. एका बाजूला स्त्रीला वाचवणाऱ्या सत्ताधाऱ्यांचे विधान आणि दुसऱ्या बाजूला 'तिलाच मरायचे होते' हे परंपरेचे विधान. या दोन विधानांच्या मध्ये स्त्रीचे स्वतःचे विधान सापडत नाही. त्याच निबंधात १९२६ मध्ये कलकत्त्यात आत्महत्या केलेल्या भुवनेश्वरी भादुरी यांचा प्रसंग आहे. आपल्या मृत्यूचा अर्थ अवैध गर्भधारणा असा लावला जाऊ नये म्हणून त्यांनी मासिक पाळीची वेळ निवडली. देहानेच लिहिलेला तो मजकूर पुढे घरच्याच माणसांनी चुकीचा वाचला. निकटता ही अचूक वाचनाची हमी नाही, हे या प्रसंगातून निर्विवादपणे दिसते. अरुणा शानबाग प्रकरणातही 'तिला सोडवा' आणि 'तिला जगायचे आहे' ही दोन विधाने होती. दोहोंत तृतीय पुरुषी सर्वनाम होते. पण दोहोंचा दावा प्रथम पुरुषी होता.

४

आपल्या परंपरेने या पेचाला काही उत्तर दिले आहे काय, असे विचारले की भीष्मांपासून प्रायोपवेशनापर्यंतचे दाखले दिले जातात. हे दाखले तपासून घेतले पाहिजेत. भीष्मांना इच्छामरणाचा वर होता. पण शरशय्येवरचे भीष्म हे महाभारतातील सर्वांत अधिक बोलणारे पात्र ठरते. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व त्यांच्या वाणीने भरलेले आहे. नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या वि. दा. सावरकरांनी १९६६ मध्ये औषध आणि अन्न सोडून मृत्यू स्वीकारला. तत्पूर्वी आत्मार्पण आणि आत्महत्या यांतील भेदाविषयी त्यांनी लेखही लिहिला होता. पवनार येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले तेही स्वतःच्या निर्णयाने. जैन परंपरेतील सल्लेखनेला व्रताचे रूप आहे, आणि व्रत म्हटले की संकल्प आला, संकल्प म्हटला की उच्चार आला. या सर्व मृत्यूंमध्ये मरणाऱ्याचा शब्द हा केंद्रस्थानी आहे.

मराठी रंगभूमीवरही मरणाची मीमांसा झाली ती स्वगताच्या रूपाने. नाशिककर वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. जगावे की मरावे हा प्रश्न तेथे गणपतराव बेलवलकर स्वतः विचारतात, आणि त्या प्रश्नाची भव्यता त्यांच्या वाणीच्या भव्यतेपासून वेगळी काढता येत नाही. त्यांच्याजवळ घर उरत नाही, सत्ता उरत नाही, पण भाषा शेवटपर्यंत उरते. आपल्या सांस्कृतिक कल्पनाशक्तीने मरणाच्या निवडीचा विचार केला तो सदैव अशा बोलणाऱ्या नायकाला समोर ठेवून. अरुणा शानबाग यांची शोकांतिका ही स्वगत नसलेली शोकांतिका आहे. तिला नायकाची भाषा लावली की ती खोटी होते, आणि निकालाच्या शिरोभागी आलेल्या शेराने नेमके हेच केले. परंपरेतील दाखले येथे अपुरे पडतात, कारण ते सर्व इच्छेच्या उच्चारापासून सुरू होतात. आपल्या प्रश्नाची सुरुवात उच्चाराच्या अभावापासून होते.

५

यावर असे म्हणता येईल की उपाय सोपा आहे : प्रत्येकाने आपली इच्छा लिहून ठेवावी. कायद्याचा प्रवासही त्या दिशेने झाला. २०११ च्या निकालाने गियान कौर प्रकरणातील (१९९६) घटनापीठाचे म्हणणे ज्या रीतीने समजून घेतले ती रीतच पुढे सदोष ठरली. म्हणजे हा पथदर्शी निकाल अंशतः एका चुकीच्या वाचनावर उभा होता. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्राला मान्यता दिली. त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी आवश्यक होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट शिथिल होऊन दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे ठरले. निर्देशपत्र नसेल तर प्रत्येकी तीन डॉक्टरांची दोन वैद्यकीय मंडळे आणि निकटवर्तीयांची संमती, असा मार्ग आखला गेला.

ही व्यवस्था स्वागतार्ह आहे, पण तिने अर्थनिर्णयाचा प्रश्न संपत नाही. पहिली गोष्ट, लिहिलेले पत्रही वाचावेच लागते. धडधाकट असताना लिहिलेले 'निरर्थक उपचार नकोत' हे वाक्य, कोणता उपचार केव्हा निरर्थक ठरतो, हे स्वतः सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या समाजात ही इच्छा बहुधा लिहिली जात नाही, बोलली जाते. आणि तीही प्रसंगाने, दुसऱ्या कोणाच्या मरणावर भाष्य म्हणून : 'असे खितपत पडण्यापेक्षा हातीपायी धड असताना जावे.' या उद्गाराला वक्ता आहे, श्रोता आहे, प्रसंग आहे. पण तो आदेश आहे काय?

अमेरिकेतील टेरी शायव्हो प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९० मध्ये हृदयक्रिया थांबून त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. लेखी इच्छा नव्हती. पती आणि आईवडील यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. फ्लॉरिडाच्या न्यायालयाने २००० मध्ये ज्या पुराव्यावर विसंबून अन्ननलिका काढण्यास अनुमती दिली, त्यात नात्यातल्या अंत्यविधीच्या वेळी आणि दूरचित्रवाणी पाहताना त्यांनी काढलेल्या उद्गारांचा समावेश होता. ३१ मार्च २००५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. इतरांविषयी सहज काढलेला उद्गार स्वतःविषयीचा निर्देश म्हणून वाचला गेला. हे वाचन चूक होते असे येथे म्हणावयाचे नाही. ते वाचन होते, एवढेच म्हणावयाचे आहे. न्यायालयीन भाषेत मात्र ते 'तिची इच्छा' या नावाने प्रकट झाले, आणि वाचक त्या नावाआड अदृश्य झाला. मुभा घ्यायची आणि तिची जबाबदारी मात्र मूक व्यक्तीवर टाकायची, हा या प्रकारच्या वाचनातील नैतिक धोका आहे.

बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती वाचकाचा जन्म व्हावा म्हणून. आपल्याकडे या विधानाचे स्वागत वाचकाच्या स्वातंत्र्याची सनद म्हणून झाले. पण वाचक जन्माला आला की त्याला नावही घ्यावे लागते आणि उत्तरही द्यावे लागते. आपण वाचक आहोत हे कबूल न करणारा वाचक मृत लेखकाच्या आवाजात बोलू लागतो, आणि तेव्हा त्याला प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही.

६

परंपरेतील उच्चारित मरणाचे दाखले उपयोगी नाहीत असे वर म्हटले. न उच्चारलेल्या इच्छेच्या वाचनाचा एक प्रकार मात्र लोकव्यवहारात आहे, आणि नाशिकच्या गोदाकाठी तो आजही पाहता येतो. दशक्रियेच्या वेळी पिंड ठेवला जातो आणि आप्तजन कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली आहे असे मानतात, आणि जमलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन बोलतो : मुलीचे लग्न आम्ही करू, धाकट्याला आम्ही सांभाळू, कर्ज आम्ही फेडू. या वाक्यांचा कर्ता पाहण्यासारखा आहे. 'मला हे हवे आहे' असे मृताच्या वतीने कोणी म्हणत नाही. प्रत्येक जण 'आम्ही' म्हणतो, स्वतःला बांधून घेतो आणि मग खुणेची वाट पाहतो. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची सोयही आहे; अनंत काळ वाट पाहता येत नाही, हे त्या विधीला ठाऊक आहे.

या विधीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यात सोयीस्कर वाचन होते, आणि मेलेल्या माणसाविषयीचा व्यवहार जिवंत रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याचे व्याकरण मात्र घेण्यासारखे आहे. अरुणा शानबाग प्रकरणात सर्वांत प्रामाणिक वाक्य रुग्णालयाच्या बाजूचे होते, आणि ते त्यांच्या इच्छेविषयी नव्हते : आम्ही त्यांची सेवा करीत आहोत आणि पुढेही करू, या अर्थाचे ते होते. याचिकेमागचे प्रामाणिक वाक्यही असेच असू शकले असते : हे पाहणे आम्हाला अन्याय्य वाटते, म्हणून थांबावे अशी आमची मागणी आहे. ही दोन 'आम्ही' समोरासमोर आली असती, तर वाद कोणाच्या मनातले कोण अधिक ओळखतो याचा न राहता, कोणती जबाबदारी कोण आणि कोणत्या कारणाने घेतो, याचा झाला असता.

यावर गंभीर आक्षेप असा की सेवा करणाऱ्यांची तयारी हा रुग्णाच्या यातनेचा निकष होऊ शकत नाही. 'आम्ही' म्हटल्याने रुग्णाचे स्वातंत्र्य बाजूला पडते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. म्हणूनच 'आम्ही'ला प्रश्न विचारणारी दुसरी मंडळे, दुसरे डॉक्टर, प्रसंगी न्यायालय आवश्यक आहे, आणि रुग्णाने पूर्वी काढलेला प्रत्येक उद्गार त्यांच्यासमोर यायला हवा. तो यावा साक्ष म्हणून, केव्हा, कोणाजवळ, कोणत्या प्रसंगी काढला या तपशिलासह. परिचारिकेने वाचलेले हास्यही यावे, ते वाचन कोणाचे आणि किती वर्षांच्या सहवासातून आलेले, या नोंदीसह. आणि या दोहोंपासून वेगळ्या ओळीत निर्णय यावा, ज्याचा कर्ता 'रुग्ण' नसून निर्णय घेणारे असतील. जिथे निर्देशपत्र नाही तिथे मंडळाच्या नोंदीत या तीन गोष्टींची सरमिसळ होऊ नये, एवढी अपेक्षा भाषेच्या अभ्यासकाला करता येते.

महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचे विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे, आणि के. ई. एम. शी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालयही त्याच्याशी संलग्न आहे. त्या विद्यार्थ्यांनी आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल एकत्र वाचावा, असे सुचवावेसे वाटते. एकाला देहाच्या खुणा वाचायच्या असतात, दुसऱ्याला शब्दांच्या. लेखी इच्छेचा अभाव म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे, आणि हवा तो अर्थ लावण्याचा परवानाही नव्हे. जिथे लेखन नाही तिथे वाचकाने आपले नाव खाली लिहिले पाहिजे. अरुणा शानबाग यांच्या बाबतीत १९७३ च्या नोंदीपासून २०११ च्या निकालापर्यंत अनेकांनी लिहिले, आणि त्यांतील बहुतेक वाक्यांखाली त्यांचेच नाव घातले गेले.